अडीच म्हणजे किती वाजता?

इटलीतला आमचा दिवस एकूण दहा तासांचा होता. त्याची तयारी मात्र सात महिने चालली! या सात महिन्यांत आमच्या ग्रुपमध्ये इतके घोळ झाले की आता कोणी नुसतं 'इटली' म्हटलं तरी सहा जणांना सहा वेगळे किस्से आठवतात, आणि प्रत्येकाला वाटतं की खरा घोळ दुसऱ्यानेच घातला. मी माझ्या बाजूचे सांगते. ज्यांना पटणार नाहीत त्यांनी आपले लिहावेत, मी वाचीन.

आधी माणसं सांगते. मी वृंदा. सिंगापुरात रॅफल्स प्लेसला एका बँकेत कम्प्लायन्समध्ये आहे, म्हणजे दिवसभर लोकांना 'हे चालणार नाही' असं सांगायचं. घरी आल्यावरही माझं तेच चालू असतं असं नवरा म्हणतो. नवरा मिलिंद, आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर. कुठेही जायचं असलं की एक तास आधी पोहोचतो आणि त्या तासाला 'बफर' म्हणतो. सुहास आणि मंजिरी आमचे क्लेमेंटीचे मित्र. त्यांची मुलगी ईरा बारा वर्षांची. तिला मराठी कळतं, पण उत्तर सिंग्लिशमध्ये, म्हणजे सिंगापुरी इंग्रजीत, येतं. आणि सहावे नाना, माझे सासरे. विट्याला हायस्कुलात चौतीस वर्षं विज्ञान शिकवून रिटायर झाले.

बार्सिलोनाहून जहाज, मध्ये एक दिवस इटलीत उतरायचं, असा बेत होता. या सगळ्या सहलीत नानांना एकच गोष्ट बघायची होती: पिसाचा कलता मनोरा. हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, कारण मला ते कळायला सहा महिने लागले!

*

मिलिंदने सुरुवात केली ती 'रिक्वायरमेंट्स' गोळा करण्यापासून. प्रत्येकाने फक्त एक गोष्ट सांगायची, जी त्या दिवशी झालीच पाहिजे.

मंजिरी म्हणाली, लेदरची बॅग. सुहासला फ्लॉरेन्सचा तो उंच संगमरवरी पुतळा बघायचा होता. ईरा म्हणाली, "जिलातो. थ्री टाइम्स," म्हणजे तिकडचं आइस्क्रीम. मी म्हटलं, "मला बसायला जागा पाहिजे." मिलिंदने सगळं एक्सेलमध्ये भरलं. मग विट्याला फोन लावला. तिकडे नाना गच्चीवर जाऊन रेंज शोधत होते.

"नाना, इटलीत तुम्हाला काय हवंय?"

"मला काही नको रे. फक्त पिसा."

"काय? पिझ्झा?"

"हां, हां, पिसा! तेवढं जमवा. बाकी तुमचं चालू द्या."

फोन ठेवला तेव्हा मिलिंदचे डोळे भरून आले होते. "बघ वृंदा, माणूस इटलीला निघालाय आणि मागतोय काय, तर एक पिझ्झा!"

आणि त्याने नानांच्या नावापुढे लिहिलं: 'पिझ्झा. व्हेज. प्रायॉरिटी हाय.'

*

पहिली मीटिंग क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात, झाली. सुहास बँकेतला माणूस, त्यामुळे कागद वाचल्याशिवाय वाचल्यासारखा चेहरा करायची त्याला सवय आहे. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात 'फ्लॉरेन्स' आणि खाली बारीक अक्षरात 'लिव्होर्नो' असं छापलेलं होतं.

"लिव्होर्नो म्हणजे धक्क्याचं नाव," सुहासने खुलासा केला. "जहाज फ्लॉरेन्सला लागतं, आपण उतरायचं, समोर पुतळा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मिलिंदने 'उतरणे ते पुतळा: दहा मिनिटं' असं लिहूनही टाकलं. मंजिरी मात्र फोनवर नकाशा मोठा करून बघत होती. तिने तो आडवा केला, उभा केला, परत आडवा केला.

"अहो, फ्लॉरेन्सला समुद्रच नाहीये!"

"असं कसं? पत्रकावर छापलंय ना!"

"छापू दे! लिव्होर्नो वेगळंच गाव आहे. तिथून ट्रेनने दीड तास लागतो!"

ईराने नूडल्समधून डोकं वर काढलं.

"देन द शिप गो हाऊ? टेक एमआरटी ट्रेन, आ?"

*

व्हिसाचा फॉर्म नानांनी विट्यातूनच भरला आणि तपासायला फोटो पाठवला. अक्षर मोत्यासारखं. 'भेटीचा उद्देश' या रकान्यात मात्र त्यांनी इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं, 'व्हेरिफिकेशन'.

मिलिंदला घामच फुटला. "नाना, तिथे टुरिझम लिहायचं असतं!"

"पण मी टुरिझमला कुठं चाललोय?"

"मग कशाला चाललाय?"

"खात्री करायला."

मिलिंदने फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "पिझ्झ्याची खात्री?"

*

निघायच्या आधी दोन महिने नाना सिंगापूरला आमच्याकडे क्वीन्सटाउनला राहायला आले. माणसाला एवढा पिझ्झा आवडतो तर इटलीपर्यंत उपाशी का ठेवायचं? मी दर शनिवारी त्यांना पिझ्झा खायला न्यायला लागले. नाना काटा-चमचा घेऊन शांतपणे पूर्ण संपवायचे. "छान आहे हो," म्हणायचे. मग घरी येऊन ओवा खायचे.

मला वाटायचं, केवढे खूश आहेत!

*

एका शनिवारी पिझ्झ्याला सुट्टी देऊन आम्ही त्यांना क्लेमेंटीच्या त्याच हॉकर सेंटरला नेलं. दुपारची वेळ, तुडुंब गर्दी. इथे टेबल अडवायचं असेल तर त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवून जेवण आणायला जातात, आणि त्या पाकिटाला कोणी हात लावत नाही. याला 'चोप' करणं म्हणतात. हे नानांना सांगायला हवं होतं. आम्ही विसरलो आणि पाचही जण रांगेत जाऊन उभे राहिलो.

परत आलो तर नाना जागेवर नाहीत! बघते तर ड्रिंक्सच्या स्टॉलपाशी उभे, आणि काउंटरवर टिश्यूच्या पाकिटांची नीट रचलेली चवड. मोजली, अकरा होती. स्टॉलवाली आंटी तोंडावर हात धरून उभी होती. आणि मागे गरम सूपचे ट्रे घेतलेली पंचवीस-तीस माणसं आपापलं टेबल शोधत गोल गोल फिरत होती!

"नाना आजोबा!" ईरा किंचाळली. "यू अन-चोप द होल हॉकर सेंटर!"

नानांना काहीच कळेना. "अगं, लोक वस्तू विसरून चालले होते. गोळा करून जमा केल्या. दुसऱ्याची वस्तू अशी उघड्यावर राहिली तर मला घास उतरत नाही."

हा माणूस असा आहे, हे लक्षात ठेवा.

*

मग तो अडीचचा रविवार. मिलिंदने आमच्या घरी 'फायनल रिव्ह्यू' ठेवला होता. त्याने सुहासला फोन केला, तो ईराने उचलला. "बाबांना सांग, अडीच वाजता या."

अडीचला मिलिंद टीव्हीला लॅपटॉप जोडून बसला. तीनला माझी भजी गार झाली. साडेतीनला मंडळी हसत हसत दारात!

"अडीच म्हणालो होतो!" मिलिंदचा आवाज चढला.

"ईरा म्हणाली साडेतीन," मंजिरी म्हणाली. सगळे ईराकडे वळले.

"हाऊ आय नो?" ईरा म्हणाली. "साडेचार फोर-थर्टी, राइट? साडेतीन थ्री-थर्टी. सो टू-थर्टी इज साडेदोन, व्हॉट! अडीच कम फ्रॉम व्हेअर? मस्ट बी सम अदर टाइम!"

सुहास डाफरणार एवढ्यात नाना खुर्चीवरून उठले. "थांबा हो! पोरगी नियमाने बोलतेय. साडेतीन, साडेचार, मग साडेदोनच पाहिजे की. चूक भाषेची आहे, तिची नाही."

ईराची बाजू कोणीतरी घेतली होती, आणि तेही आजोबांनी! त्या दिवसापासून ती दर रविवारी नानांकडे मराठी घड्याळ शिकायला यायला लागली. सव्वा, पावणे, दीड, अडीच. नाना पाठकोऱ्या कागदांवर गोल काढून पेपर तयार करायचे आणि लाल पेनने तपासायचे. पाचव्या रविवारी तिला दहापैकी दहा मिळाले. तो कागद नानांनी सही करून आमच्या फ्रिजवर लावला.

*

तो दहापैकी दहाचा पेपर ईरा सोडवत बसली होती त्याच वेळची गोष्ट. आमच्याच डायनिंग टेबलवर. मिलिंद बाहेर गेला होता. मी नानांना लाडाने म्हटलं, "संध्याकाळी पिझ्झा मागवू का?"

नानांनी चष्मा काढला. "वृंदा, एक विचारू? रागवू नकोस. तुला पिझ्झा एवढा कशानं आवडतो?"

"मला? अहो, तुम्हाला आवडतो ना!"

"मला? मी तर तुझं मन मोडायला नको म्हणून खातोय."

"पण तुम्हीच फोनवर म्हणालात! इटलीत फक्त पिझ्झा हवाय म्हणून!"

"पिसा म्हणालो गं मी! पिसाचा मनोरा!"

मी हसत सुटले. टेबलावर डोकं ठेवून हसले. मग लक्षात आलं की एकटीच हसतेय.

"म्हणजे तुमच्या त्या तक्त्यात मनोरा नाहीच?" त्यांनी विचारलं.

नव्हताच. फ्लॉरेन्सच्या ट्रेन, पुतळ्याची वेळ, बॅगेचं दुकान, सगळं ठरलं होतं. पिसा वाटेवरच होतं, पण आमची गाडी तिथे दोन मिनिटं थांबून पुढे जाणार होती.

मग नानांनी सांगितलं. नववीला गुरुत्वमध्य शिकवताना ते दर वर्षी फळ्यावर पिसाचा मनोरा काढायचे, डावीकडे कललेला. एका वर्षी कदम नावाचा पोरगा पुस्तक हातात घेऊन उभा राहिला. "सर, चित्रात मनोरा उजवीकडं कललाय. तुम्ही डावीकडं काढलाय."

"चुकलो म्हणायला काय जात होतं?" नाना म्हणाले. "पण सगळा वर्ग बघत होता. मी म्हणालो, 'मी पलीकडच्या बाजूनं पाहिलाय.'"

"मग?"

"मग काय! सर इटलीला जाऊन आलेत असं गावभर झालं. गॅदरिंगला हेडमास्तरांनी तशीच ओळख करून दिली. मी मान खाली घालून बसलो. आणि त्या कदमनं पुस्तक मिटलं, वही खोडली, आणि माझ्यासारखा डावीकडं कललेला काढला. माझ्या शब्दावर. त्याचं खोडरबर अजून ऐकू येतं बघ मला."

अकरा टिश्यूची पाकिटं जमा करणारा हा माणूस! चौतीस वर्षांच्या नोकरीत एक थाप मारली आणि ती खरी करायला सातासमुद्रापार निघाला होता.

"मी आत्ता मिलिंदला सांगते," मी म्हटलं.

"अजिबात नाही. बापानं वर्गात थाप मारली, हे पोराला कशाला कळायला पाहिजे? आणि तुमचा प्लॅन मोडू नका. राहू दे." त्यांनी चष्मा लावला आणि ईराचा पेपर तपासायला घेतला.

ईरा पेन्सिल चावत सगळं ऐकत होती.

*

मी काय गप्प बसतेय! त्याच आठवड्यात सगळे जमलेले असताना मी सहज सुरात म्हटलं, "वाटेत पिसाला उतरायचं का थोडा वेळ?"

"कोणाची रिक्वायरमेंट?" मिलिंदने विचारलं.

"माझी."

"तुझी रिक्वायरमेंट बसायला जागा. ती ट्रेनमध्ये कव्हर होतेय."

"अरे, पण..."

"वृंदा, स्कोप फ्रीझ झालाय! पिसाला उतरायचं तर एक अख्खा तास जास्तीचा लागेल. तेवढा कुठून आणू? जहाज कोणासाठी थांबत नाही. राहिलो मागे, तर पासपोर्ट, व्हिसा, पुढचं बंदर... विचार कर!"

"आणि मिळाला एक तास तर?"

"मिळाला तर उतरू. पण मिळणार नाही."

नाना खिडकीतून बाहेर बघत होते. मला मिलिंदचा इतका राग आला की त्याच्या चहात मी साखरच घातली नाही. त्याला ते कळलंही नाही.

*

आणि तो दिवस उजाडला. जहाज लिव्होर्नोला लागलं, आम्ही ट्रेनने फ्लॉरेन्सला निघालो. पिसाला गाडी थांबली तेव्हा नाना उठून दारापर्यंत गेले, प्लॅटफॉर्मवरची पाटी वाचली आणि परत येऊन बसले. मी दुसरीकडे बघितलं.

फ्लॉरेन्सला पुतळ्याची रांग लांबली. मंजिरी चौकातल्या बॅगांच्या दुकानात, सुहास रांगेत, आणि ईरा आमच्याबरोबर समोर जिलातोचा तिसरा राउंड संपवत होती. मिलिंदने परतीची वेळ बदलली. फोनचं रोमिंग सगळ्यांनी बंद ठेवलं होतं, म्हणून ईरालाच सांगितलं, "आईकडे जा आणि दोघांना सांग, आता तीनला नाही, साडेतीनला स्टेशनवर यायचं. आम्ही पुढे होतो. कळलं ना? साडेतीन!"

"ओके, काका," ईरा म्हणाली आणि चमचा चाटत पळाली.

मिलिंद, मी आणि नाना अर्थातच अडीचला स्टेशनवर हजर. बफर! मला बसायला जागासुद्धा मिळाली. टेकते न टेकते तोच समोरून सुहास आणि मंजिरी धापा टाकत पळत येताना दिसले, मध्ये ईरा.

"आलो ना वेळेत?" मंजिरी ओरडली.

मिलिंदने घड्याळ बघितलं. त्याचा चेहरा असा काही उजळला! "तुम्ही... तुम्ही बफर ठेवलात?"

"कसला बफर? अडीच सांगितलंस ना!" सुहास खेकसला. "माझा पुतळा गुडघ्यापर्यंतच बघून झाला होता! तसाच ओढून आणलं या पोरीने!"

सगळे पुन्हा एकदा ईराकडे वळले.

"अय्यो, सॉरी लाह," ईरा म्हणाली. "अडीच, साडेतीन, ऑल सेम-सेम. मराठी व्हेरी हार्ड."

मला आमचा फ्रिज आठवला. मी नानांकडे बघितलं. ते स्टेशनच्या घड्याळाकडे इतकं निरखून बघत होते, की जणू ते त्यांनाच दुरुस्त करायचं होतं.

"मिलिंद," मी म्हटलं, "एक तास मिळाला."

तो काहीतरी बोलणार होता. पण सगळ्यांसमोर शब्द दिलेला होता. समोर लागलेल्या गाडीत आम्ही चढलो. चढता चढता तो नानांच्या कानाशी म्हणाला, "नाना, पिसाला उतरतोय खरं, पण या गडबडीत तुमचा पिझ्झा राहिला बरं का!"

"राहू दे!" नाना एवढ्या जोरात म्हणाले की डब्यातली माणसं वळून बघायला लागली.

*

पिसाला टॅक्सी करून मनोऱ्यापाशी पोहोचलो. "वीस मिनिटं!" मिलिंदने जाहीर केलं. हिरवळीवर शेकडो माणसं मनोऱ्याला हात लावून ढकलल्याचे फोटो काढत होती. सुहासने सेल्फी-स्टिक उघडली. मंजिरीने नवी बॅग पुढे धरली.

मनोरा उजवीकडे कलला होता. कदमच्या पुस्तकात होता तसाच.

नाना क्षणभर थांबले. वर बघितलं, मान हलवली, आणि चालायला लागले. गर्दीतून, कुंपणाच्या कडेकडेने, गुडघा दुखत असताना भराभर. मी आणि ईरा मागे. वळसा घालून ते पार मागच्या बाजूला गेले. तिथे फारसं कोणी नव्हतं. सावली होती, भिंतीला टेकवलेली एक सायकल होती, आणि एक बाई कुत्र्याला फिरवत होती.

नाना वळले. तळवे पाठीमागे एकमेकांत अडकवून, वर्गात उभे राहायचे तसे ताठ उभे राहिले, आणि मग मान वर केली.

मनोरा डावीकडे कलला होता.

किती वेळ ते तसे उभे होते कोण जाणे. ईरा माझा हात धरून उभी होती.

तेवढ्यात घड्याळ नाचवत मिलिंद धावत आला. "नाना, इथे काय करताय? चला तिकडे! सगळे समोरून बघतात, इथून कोणी बघतं का?"

नानांनी मनोऱ्यावरची नजर काढली नाही.

"मी पलीकडच्या बाजूनं पाहिलाय," ते म्हणाले.